टक्के किती पडले ते फॉर्म्युला कुठला त्यावर

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला, मामा एका कंपनीचा फॉर्म भरतोय, त्यात डिग्रीचे एकूण टक्के मागितलेत, दोन दशांशापर्यंत, आणि माझ्या मार्कशीटवर तर नुसता सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटची सरासरी, दहापैकी) आहे ७.४२, मी काय लिहू? म्हटलं बाकीची पोरं काय लिहितायत. तर त्याच ७.४२ ला एकाने सरळ दहाने गुणलं, ७४.२. दुसऱ्याने साडेनऊने गुणलं, ७०.४९, कारण त्याच्या मोठ्या भावाने सीबीएसईच्या दहावीला तसंच केलं होतं. तिसरा जरा चौकस, त्याने एआयसीटीईचा, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचा, तक्ता शोधून काढला ज्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के आणि ७.७५ म्हणजे ७० टक्के असं दिलंय, म्हणजे पाऊण वजा करायचा आणि दहाने गुणायचं, आले ६६.७. हाच पोरगा गुजरातच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत असता तर पाऊणऐवजी अर्धा वजा झाला असता, म्हणजे ६९.२. पोरगा तोच, पेपर तेच, रात्री जागून काढलेली सबमिशन्स तीच, आणि टक्के चार तऱ्हेचे. कंपनीची अट होती ७० ची.

तो साडेनऊचा आकडा तरी कुठून आला बघा. सीबीएसईने दहावीला ग्रेड आणले तेव्हा ९१ ते १०० मार्कांत बसणाऱ्या मुलांची काही वर्षांची सरासरी काढली, ती ९५ च्या आसपास आली, तिला १० ने भागलं, झाले साडेनऊ. दहावीच्या, त्यातही वरच्या पट्ट्यातल्या मुलांवरून काढलेला आकडा आणि आपली पोरं तो इंजिनियरिंगच्या थर्मोडायनॅमिक्सला लावतायत. सीबीएसईने दहावीचं ते सीजीपीए प्रकरण कधीच बंद केलं, आकडा मात्र घरोघरी राहिलाय, आजीच्या काढ्यासारखा, कशावरही चालतो.

मी काही वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, कॉलेजात शिकवलंय, पेपर तपासणीच्या कॅप सेंटरला बसून गठ्ठेच्या गठ्ठे तपासलेत, निकालाच्या लेजरवर पट्टी ठेवून ओळी जुळवल्यात. त्यामुळे एक गोष्ट पक्की डोक्यात बसलीय. डिग्रीवरचा फर्स्ट-सेकंड क्लास विद्यापीठाच्या विद्या परिषदेच्या कुठल्यातरी मीटिंगमध्ये ठरलेला असतो, वर गणिताचा मुलामा असतो म्हणून आपण तो निमूटपणे मान्य करतो. कुठल्या सेमिस्टर धरायच्या, मार्कांचे पट्टे कुठे पाडायचे, सरासरी कशी काढायची, अपूर्णांक वर ढकलायचा की तिथेच तोडायचा, यातल्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी निवड केलेली असते आणि प्रत्येक निवडीत काही पोरं वर जातात, काही खाली येतात. पोरांना हे कुणी सांगत नाही. त्यांना वाटतं आपलंच कायतरी कमी पडलं.

आता हे नुसतं बोलून पटायचं नाही, तर हिशोबच करू. मुंबई विद्यापीठाच्या २०१६-१७ पासूनच्या चॉइस बेस्ड स्कीममधला बीए-बीकॉमचा पट्टा घ्या. ८० आणि वर म्हणजे ओ, १० पॉइंट. ७० ते ७९.९९ ए प्लस, ९ पॉइंट. ६० ते ६९.९९ ए, ८ पॉइंट. ५५ ते ५९.९९ बी प्लस, ७. समजा पाच पेपर, सगळ्यांना सारखे क्रेडिट. स्नेहाला पडले ७९, ७९, ६९, ६९, ५९. बेरीज ३५५, म्हणजे ७१ टक्के. ओंकारला पडले ८०, ७०, ७०, ६०, ६०. बेरीज ३४०, म्हणजे ६८ टक्के. आता ग्रेड पॉइंट लावा. स्नेहाचे ९, ९, ८, ८, ७, बेरीज ४१, सरासरी ८.२. ओंकारचे १०, ९, ९, ८, ८, बेरीज ४४, सरासरी ८.८. पंधरा मार्क कमी पडलेला पोरगा पॉइंट सहाने पुढे! आणि मग फॉर्मसाठी हेच परत टक्क्यांत फिरवा, एआयसीटीईच्या हिशोबाने स्नेहा ७४.५ आणि ओंकार ८०.५. तीन टक्क्यांनी मागे होता तो सहा टक्क्यांनी पुढे गेला, कुणी लबाडी केली नाही, कुणी वशिला लावला नाही, पोर्टलवर सगळं कसं चकाचक.

तुम्ही म्हणाल मी मुद्दाम काठावरचे मार्क घेतले. घेतलेच. पण काठावरची पोरं हीच तर या प्रश्नातली पोरं आहेत, ज्याला सगळीकडे ८५ आहेत त्याला कुठलाही फॉर्म्युला लावा, तो ओच राहतो. आणि एकदा मार्कांचं अक्षर केलं, अक्षराचा आकडा केला, त्या आकड्याची सरासरी काढली आणि त्या सरासरीवरून परत मार्क काढायला बसलो, की मधे जे सांडलं ते परत येत नाही. दळलेल्या पिठातून परत गहू निवडायला बसण्याचा प्रकार आहे हा.

गंमत म्हणजे त्याच विद्यापीठात त्याच काळात इंजिनियरिंगचा पट्टा वेगळा. तिथे ओ ८० लाच, पण ९ पॉइंट ७५ ला, ८ पॉइंट ७० ला आणि ६० ते ६९.९९ ला ७. म्हणजे बीकॉमच्या पोरीला ७२ पडले तर ९ पॉइंट आणि इंजिनियरिंगच्या पोराला ७२ पडले तर ८, आणि पुढे दोघंही एमबीएला एकाच रांगेत, एकाच फॉर्ममध्ये, एकाच रकान्यात आकडा लिहिणार. दोन्ही मार्कशीटवर विद्यापीठाचा शिक्का एकच.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सगळ्या देशाला दहा पॉइंटचा साचा दिला तो चांगल्या हेतूने दिला हे मला मान्य आहे. ओ, ए प्लस, ए, बी प्लस, बी, सी, पी आणि एफ, क्रेडिटला पॉइंटने गुणायचं, बेरजेला एकूण क्रेडिटने भागायचं, झाला एसजीपीए, एका सेमिस्टरची सरासरी. पण कुठल्या अक्षराला किती मार्क हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. म्हणजे सगळ्यांना फूटपट्टी एकाच रंगाची दिली आणि त्यावरचे इंच ज्याचे त्याने आखून घेतले.

क्लास नावाची गोष्ट तशी आपली नव्हेच. १८५७ ला मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर काढली तेव्हा परीक्षा घेणारी, निकाल लावणारी आणि वर्ग देणारी संस्था म्हणूनच काढली, शिकवायचं काम कॉलेजांचं. १८६२ ला न्यायमूर्ती रानडे, भांडारकर ही मंडळी मुंबईच्या पहिल्या तुकडीत बीए झाली, तेव्हा अख्खी तुकडी चार जणांची, परीक्षक प्रत्येकाला ओळखत असतील. त्या चार जणांसाठीचा वर्ग आपण आज लाखो पोरांना लावतोय, शेकडो कॉलेजांतल्या, आणि तोही सॉफ्टवेअर लावतंय. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये म्हटलं होतं की विद्यापीठ शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची असेल तर ती परीक्षेची सुचवू, आणि फर्स्ट क्लास ७० ला ठेवा, सेकंड ५५ ला, थर्ड ४० ला, सगळीकडे सारखं. आपण फर्स्ट क्लास ६० लाच ठेवला, त्याखाली ५५ चा हायर सेकंड क्लास नावाचा अर्धा मजला चढवला, वर डिस्टिंक्शन. इंग्लंडात आजही ७० ला फर्स्ट आहे, ६० ला टू-वन, ५० ला टू-टू. (टू-टू ला तिथली पोरं डेसमंड म्हणतात, डेसमंड टूटू वरून. आपल्याकडे सेकंड क्लासला असं प्रेमाचं नाव कुणी ठेवलं नाही.)

पण इंग्लंडातली एक गोष्ट मला खरंच घेण्यासारखी वाटते आणि तिच्यावर आपल्याकडे कुणी बोलतच नाही. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे मार्क डिग्रीच्या क्लासमध्ये धरतच नाहीत. पहिलं वर्ष पास व्हायचं, बस. दुसऱ्या वर्षाला कमी वजन, शेवटच्याला जास्त. आपल्याकडे आधी बऱ्याच ठिकाणी याच्याही पुढचं टोक होतं, टीवायचे, म्हणजे तिसऱ्या वर्षाचे, मार्क तेवढे क्लासला धरायचे, एफवाय-एसवाय नुसतं निघालं पाहिजे, त्यामुळे पोरं दोन वर्षं कॅन्टीनला आणि तिसऱ्या वर्षी क्लासला. म्हणून सेमिस्टर आलं आणि सगळ्या सेमिस्टर धरायला लागले, एका परीक्षेवर नशीब नको म्हणून. हेतू बरोबर. पण याची किंमत कोण देतंय ते मी वर्गात बघितलंय.

बीड-लातूरकडून, नाहीतर इकडे डहाणू-जव्हारकडून मराठी मीडियममधून आलेला पोरगा पहिल्या सेमिस्टरला पुण्या-मुंबईच्या कॉलेजात बसतो तेव्हा त्याला विषय अवघड नसतो, इंग्रजी अवघड असतं, त्यातही फळ्यावरचं नव्हे, बोललेलं. सर फळ्याकडे तोंड करून भराभर इंग्रजीत बोलतात आणि पोरगा वहीत शब्द देवनागरीत उतरवून घेतो, रात्री रूमवर कुणाकडून तरी अर्थ लावून घेतो. हॉस्टेल मिळालेलं नसतं, मेसचं जेवण पचत नसतं, पहिल्या सेमिस्टरला दोन केट्या लागतात, म्हणजे दोन विषय राहतात. मग तो शिकतो. तिसऱ्या सेमिस्टरपासून सुधारतो, पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला वर्गातल्या वरच्या पोरांत असतो, मी असे चार-पाच तरी नावानिशी सांगेन (सांगत नाही, त्यांना आवडणार नाही). पण सरासरीला काळ कळत नाही. चार, पाच, सात, आठ, नऊ, नऊ असं चढत गेलेल्या पोराची सरासरी ७, आणि नऊ, नऊ, आठ, सात, पाच, चार असं घसरत गेलेल्याचीही ७. नोकरीवर ठेवायचा झाला तर तुम्ही कुणाला ठेवाल? मार्कशीट म्हणतं दोघं सारखेच. आणि यातही एक वाकडी गंमत, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या पोरांचं पहिलं वर्ष आपल्या हिशोबात नसतंच, त्यांची सरासरी तिसऱ्या सेमिस्टरपासून सुरू. त्यांचा काही दोष नाही, पण मग पहिलं वर्ष न धरता डिग्रीचा क्लास लावता येतो हे विद्यापीठाला माहीत आहे की, रोज करतायत ते.

इंटर्नलचं, म्हणजे कॉलेजनेच द्यायच्या मार्कांचं, तर बोलायलाच नको, पण बोलतो. ७५-२५ चा पॅटर्न घ्या. कॅपला माझ्यासमोर पेपर येतो त्यावर बारकोड, नाव नाही, कॉलेज नाही, मी ७५ पैकी ५७ देतो. मला माहीत नसतं की या पोरीला इंटर्नलला काय आहेत. २२ असतील तर ७९, ए प्लस. २३ असतील तर ८०, ओ. म्हणजे तीन तासाच्या पेपरवर एवढी गुप्तता, मॉडरेटर, सीसीटीव्ही, आणि शेवटी अख्खा एक ग्रेड पॉइंट कॉलेजातल्या त्या एका मार्कावर लटकलेला, जो मॅडमनी हजेरी बघून दिला की प्रोजेक्टच्या फाईलचं कव्हर बघून दिला हे देव जाणे. कॅपला शंभरच्या पेपरला आम्हाला सिनियर लोक सांगायचे, ३८-३९ वर ठेवू नका, एकतर पासिंगचे ४० करा नाहीतर सरळ ३५ ला आणा, नंतर रिव्हॅलची, फेरतपासणीची, कटकट नको. ही माणसाची समज होती, चुकीची असेल पण समज होती, काठ कुठंय ते बघून हात हलायचा. आता पासिंगचा काठ सोडला तर बाकी सगळे काठ आमच्या नजरेआड गेलेत, ५९, ६९, ७९ ला काय झालं ते कॉम्प्युटरलाच ठाऊक.

आणि जिथे सगळ्यांना काठ दिसतो तिथे सुद्धा काही फार माया नसते. मास्टर्सला ५५ टक्के पाहिजेत तरच प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा आणि तरच प्राध्यापक, राखीव प्रवर्गाला ५०, आणि यूजीसीने स्पष्ट लिहिलंय की राउंड ऑफ चालणार नाही, ५४.९ म्हणजे ५४.९. माझ्याबरोबर सीएचबीवर एक जण होता, ५४.८ वाला, शिकवायला आमच्या सगळ्यांपेक्षा भारी. वरचा क्लास मिळावा म्हणून ग्रेस द्यायचा नियम असतो, आपल्याकडे साधारण एकूण मार्कांच्या एक टक्का किंवा दहा मार्क, जे कमी असेल तेवढे, पण त्याने एका पेपरला पासिंगसाठी ग्रेस घेतला होता, म्हणून हा मिळेना. शेवटी क्लास इम्प्रूव्हमेंटला बसला, तिशी उलटल्यावर, स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या बाजूच्या बाकावर. हॉलमध्ये पोरं उठून गुड मॉर्निंग सर म्हणायची.

आता दुसरी बाजू. ग्रेडच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो दमदार आहे, की ७१ आणि ६९ यात खरा फरक काहीच नसतो, तोच पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे गेला तर पाच मार्कांनी सहज इकडेतिकडे होतो, रिव्हॅलला आपण हे रोज बघतो, म्हणून खोटा नेमकेपणा सोडा आणि मोठे पट्टे पाडा. शंभर टक्के मान्य. पण मग तसंच राहू द्या ना! चष्मा काढून ठेवायचा, सगळं धूसर झालं म्हणून समाधान मानायचं, आणि मग त्याच धूसर चित्रावर दुर्बीण लावून दोन दशांशापर्यंत मोजायचं, ७.७४ ला फर्स्ट क्लास आणि ७.७५ ला डिस्टिंक्शन, हे कुठलं शास्त्र? पुण्याच्या इंजिनियरिंगला काठ नेमका तिथेच आहे, म्हणून हा आकडा. पट्टे पाडून ज्या भांडणातून सुटायचं होतं ते भांडण एक मजला वर गेलं एवढंच.

बाहेर जाणाऱ्या पोरांचं तर विचारूच नका, हल्ली पुण्यात प्रत्येक सोसायटीत एक तरी जर्मनीला निघालेला आहे. तिकडे मॉडिफाइड बव्हेरियन नावाचा फॉर्म्युला लावतात. जास्तीत जास्त मार्कांतून तुमचे वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त वजा पासिंगने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा, आकडा जितका लहान तितकं चांगलं. भाच्याचे ७.४२ घ्या. पासिंग ४ पॉइंटला धरलं तर येतात २.२९. पासिंग ५ ला धरलं तर २.५५. आणि आधी टक्क्यांत फिरवून ६६.७ घेतले, पासिंग ४० ला, तर २.६७. बऱ्याच कोर्सना २.५ च्या आत लागतं. म्हणजे तुमच्या युनिव्हर्सिटीच्या ट्रान्सक्रिप्टवर पासिंगची ओळ कशी छापलीय त्यावर तुम्ही म्युनिकला की पुण्यातल्या मगरपट्ट्याला.

आणि नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर दाराला आणखी एक कडी लागलीय. चौथ्या वर्षाला ऑनर्स विथ रिसर्च करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरला मिळून ७५ टक्के पाहिजेत. वरची स्नेहा आठवा, ८.२ वाली. साडेनऊने गुणलं तर ७७.९, आत. एआयसीटीईच्या हिशोबाने ७४.५, अर्ध्या टक्क्याने बाहेर. खरे मार्क ७१, बाहेर. आणि ओंकार तिन्ही... नाही, ओंकारचे खरे मार्क ६८, पण मार्क कोण बघतंय, तो आत. संशोधन कोण करणार हे आपण असं ठरवणार आहोत. चार वर्षांच्या डिग्रीला महाराष्ट्रात १७६ क्रेडिट धरलेत, एवढं मोठं ओझं वाहून नेलेल्या पोराला शेवटी दारावर विचारणार की तू कितीने गुणलंस.

मला विचाराल तर क्लास बंदच करा असं मी म्हणत नाही, लोकांना काहीतरी एक ओळ लागतेच, लग्नाच्या बायोडेटालाही लागते. माझं मागणं साधं आहे. ग्रेडच्या शेजारी मूळ मार्क छापा, प्रत्येक पेपरचे, लपवू नका, आणि त्याच्या शेजारी त्या पेपरला सगळ्या पोरांचे मधले मार्क (निम्मी पोरं वर, निम्मी खाली) किती होते तेही छापा, म्हणजे ६२ चा अर्थ लागेल, कारण मधले ४५ असताना पडलेले ६२ वेगळे आणि मधले ७० असताना पडलेले वेगळे. सरासरी काढायची तर ती मार्कांचीच काढा, पॉइंटची नको. पहिल्या वर्षाला निम्मं वजन द्या, पूर्ण माफी मला नको वाटते कारण पोरांना मी ओळखतो. आणि क्लासचा नियम ॲडमिशनच्या दिवशी हातात द्या, पॅटर्न बदलला तरी त्या बॅचला तोच. कोविडला २०२० मध्ये परीक्षा घ्यायची की नाही यावरचं राज्य आणि यूजीसीचं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, ऑगस्टच्या शेवटी निकाल आला की शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल, आणि पोरांनी मोबाईलवर एमसीक्यू सोडवून डिग्र्या घेतल्या. ती वेळच तशी होती, कुणाला दोष देत नाही, पण त्या बॅचच्या आणि तिच्या आधीच्या बॅचच्या मार्कशीटवर क्लास मात्र एकाच शब्दात छापलाय.

यात अवघड काही नाही. मार्क विद्यापीठाकडे आहेतच, त्यांच्यावरूनच तर ग्रेड काढतात. मधला आकडा काढायला एक्सेलला अर्धा मिनिट लागतो. विरोध होणार तो कॉलेजांकडून होणार, कारण इंटर्नलचे मधले मार्क छापले की कुठल्या कॉलेजात २५ पैकी २४ वाटतात ते सगळ्यांसमोर येईल.

भाच्याने शेवटी काय केलं, तर मी म्हटलं बाबा तू स्वतः काही गुणू नकोस, उद्या कागदपत्रं तपासताना नडेल, कॉलेजात जाऊन कन्व्हर्जन सर्टिफिकेट माग. गेला. खिडकीवरच्या काकांनी सांगितलं अर्ज लिही, प्राचार्यांची सही आण, फी भर, दहा दिवसांनी ये. फॉर्मची शेवटची तारीख चार दिवसांवर होती. त्याने ६६.७० लिहिले. तेवढाच सीजीपीए असलेल्या साडेनऊवाल्या मित्राने ७०.४९ लिहिले आणि त्याला टेस्टची लिंक आली. आता भाचा रात्री फोन करून विचारतो, मामा, व्हेरिफिकेशनला पकडलं तर त्याने कुठला कागद दाखवायचा?